पाखरांची ओळख हाताडोळ्यांनी
(शब्बाथ शाळेचे शिक्षक व सेवाकार्याचे हितचिंतक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मुलांना पक्षी कसे शिकवावेत यावर मला बोलायचे आहे. प्रभूने शिष्यांना पाखरांकडे पाहायला सांगितले ते डोंगरावर, उघड्या आभाळाखाली. आपणही हा धडा शक्यतो भिंतींच्या बाहेरच घ्यावा.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशीत कोरकू, भिलाला, निहाल या समाजांची गावे आहेत. तिथली मुले गुरांमागे आणि मोहाच्या दिवसांत फुले वेचायला रानात जातात. कोणते पाखरू कुठे बसते, कशाला भिते, हे त्यांना ठाऊक असते. पण घरची बोली वेगळी आणि शाळेची मराठी वेगळी. पुस्तकातला ‘भारद्वाज’ म्हणजे आपल्या कुंपणात फिरणारा तांबड्या पंखांचा पक्षी, हे कोणी सांगितलेले नसते. मग मूल गप्प बसते आणि त्याला काही येत नाही असे आपण धरून चालतो.

म्हणून आम्ही सुरुवात नावापासून करतो. मोठ्या कागदावर तीन रकाने आखायचे: मुलाने काढलेले चित्र, घरच्या बोलीतले नाव, मराठी नाव. मधला रकाना मूल सांगते आणि आपण लिहून घेतो. त्या दिवशी शिक्षक विद्यार्थी होतो. जामोदकडच्या भागात बोलली जाणारी निहाली ही भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही, असे भाषातज्ज्ञ मानतात. तिचे बोलणारे थोडेच उरले आहेत. अशा बोलीतले पाखराचे एक नाव कागदावर उतरले तरी ते मोलाचे आहे.

पुढचे धडे हाताने करायचे. अडकित्ता, चिमटा, गाळणी आणि शरबत प्यायची नळी घ्या. समोर भुईमुगाच्या शेंगा, पाण्यात टाकलेले खडे, पाण्यावर पसरलेला भुसा आणि अरुंद बाटलीत साखरपाणी ठेवा. कोणत्या वस्तूने काय उचलता येते ते मुलांनी करून पाहावे. पोपटाची चोच अडकित्त्यासारखी, बगळ्याची चिमट्यासारखी, बदकाची गाळणीसारखी आणि फुलातला रस पिणाऱ्या शिंजिराची नळीसारखी का, हे मग सांगावे लागत नाही.

पावसाळा सरल्यावर विहिरीकाठी गळून पडलेला सुगरणीचा खोपा आणा. मुलांना तसे गवत द्या आणि दोन्ही हातांनी विणायला सांगा. अर्ध्या तासात कोणालाच जमत नाही. मग सांगा की हा खोपा विणतो नर. मादी येऊन पाहते आणि पसंत पडला तरच नर तो पुरा करतो. मुली हे ऐकून खूप हसतात. मात्र झाडावरच्या खोप्याला हात लावायचा नाही, अंडी उचलायची नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

आता अवघड गोष्ट. पुष्कळ मुलांच्या खिशात गलोल असते. ज्याचा नेम चांगला, त्याला पक्ष्यांची माहितीही सर्वांत जास्त. त्याला रागावून घालवले तर आपला उत्तम विद्यार्थीच गेला. शिवाय गरिबाच्या घरी एखादे पाखरू कालवणात पडते, हे विसरून उपदेश करू नये.

डॉ. सालिम अली यांचे उदाहरण पाहा. जन्म १८९६, लहानपणीच पोरके झाले, मुंबईत मामांकडे वाढले. शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी मुलाला हाकलले नाही. चिमणीची ओळख सांगितली आणि कपाटे उघडून संग्रहातले पक्षी दाखवले. त्या मुलाचे पुढे भारतातले थोर पक्षितज्ज्ञ झाले. १९८५ साली निघालेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावाचा अर्थ आहे ‘चिमणीचे पडणे’. शुभवर्तमान वाचणाऱ्या आपल्याला ती चिमणी ओळखीची आहे.

म्हणून गलोलवाल्या मुलाला आम्ही फेरीत पुढे चालायला लावतो. वाटाड्या तोच. त्याने थांबा म्हटले की सगळे थांबतात. काहींची गलोल हळूहळू घरी राहू लागते, काहींची अजून खिशात आहे. आपण धीर धरायचा.

पाहणाऱ्या डोळ्यांची गरज मोठी आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला सापडले नव्हते. ते नामशेष झाले असे मानत. १९९७ साली ते याच सातपुड्याच्या रांगेत, शहाद्याजवळ पुन्हा दिसले. पुढे मेळघाटातही आढळले. आपल्या संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ हा सालिम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात प्रत्येक मंडळीने एक सकाळ मुलांबरोबर रानात किंवा तलावाकाठी घालवावी, ही माझी विनंती. घरी पडून असलेली दुर्बीण, कोऱ्या वह्या, रंगपेट्या आणि उन्हाळ्यात पाणी ठेवायला मातीची पसरट भांडी द्या. आणि जमल्यास स्वतः या. मूल पाखराकडे बोट दाखवते तेव्हा त्या दिशेला पाहणारे कोणीतरी मोठे माणूस शेजारी असायला हवे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.