बर्गीडांग्याचा वाडा

(मंडळाच्या सभासद-मेळाव्यात केलेले भाषण)



कोलकात्याच्या मराठी घरात देशाहून पाहुणे आले की सहलीचा मार्ग ठरलेला असतो. दक्षिणेश्वर, बेलूर, फार तर हुगळीचा इमामबाडा. या स्थळांविषयी आमची तक्रार नाही. परंतु सकाळी निघून रात्री परतता येईल असे आणखी एक ठिकाण आहे, आणि तेथे मराठी माणसाने मुलाबाळांसह एकदा तरी गेलेच पाहिजे. ते म्हणजे इटाचुना येथील राजबाडी.

हावड्याहून मेन लाइनची बर्धमान लोकल घ्यावी व खन्यान स्थानकावर उतरावे. पुढला थोडा रस्ता भातशेतांतून, तळ्यांच्या काठाने जातो. कुंडू जमीनदारांचा हा वाडा १७६६ सालचा मानतात. प्रशस्त चौक, ठाकुरदालन, श्रीधराचे देऊळ, मागे तळी. आता तेथे मुक्कामी पाहुणे ठेवतात, म्हणून अगोदर कळवून जावे. काशाच्या ताटात बंगाली जेवण मिळते. वरणभाताची आठवण त्या दिवसापुरती विसरावी!

गावकरी मात्र या वाड्याला ‘बर्गीडांगा’ म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. बंगालवर चालून आलेल्या आणि येथेच राहून गेलेल्या मराठ्यांपैकी आपले पूर्वज, असे कुंडू घराण्यात परंपरेने सांगतात.

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ साली बंगालात उतरल्या. १७४४ साली बोलणी करण्यास बोलावून भास्कररामांचा वध झाला, हे आपण विसरत नाही. १७५१ साली अलीवर्दीखानाने ओरिसा सोडला व सालिना बारा लाखांची चौथाई मान्य केली. आपल्या पुस्तकांत हे प्रकरण येथे संपते. बंगाली घरात ते संपलेले नाही. त्याच काळात गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत रचलेले ‘महाराष्ट्र पुराण’ जळलेल्या गावांनी आणि स्त्रियांच्या आकांताने भरलेले आहे. मुलांना निजवतानाच्या गाण्यात आजही बर्गी येतात. या भीतीनेच कोलकात्याभोवती खंदक खणू लागले. तीनेक मैलांवर काम थांबले, मराठे शहरावर आलेच नाहीत. पण बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे.

गेल्या खेपेस आमच्यापैकी एकाच्या मुलीबरोबर तिची बंगाली मैत्रीण आली होती. ठाकुरदालनाच्या पायरीवर बसून तिने सहज विचारले, “ते बर्गी म्हणजे तुम्हीच का?” मुलगी वडिलांकडे पाहू लागली. चौथाई, सनदा, मोगलांचे दौर्बल्य असे सारे काही आमच्या ओठांवर आले. नऊ वर्षांच्या पोरीपुढे त्याचा काय उपयोग? वडील एवढेच म्हणाले, “हो, आमचेच लोक होते ते. त्यांनी वाईट केले.” तिने मान डोलावली आणि दोघी तळ्याकडे पळाल्या. आम्ही मोठी माणसे बराच वेळ गप्प होतो.

परतताना त्याच मार्गावर श्रीरामपूर लागते. तेथे केरीसाहेबांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली मोडी टाइपात कोश काढला. पुढे त्याच छापखान्यातून रघूजी भोसल्यांची वंशावळीही मराठीत निघाली. बर्गींच्या धन्याचे कुळ बंगालच्याच मातीत छापले गेले!

येत्या थंडीत पुन्हा जाण्याचा बेत आहे. लोकल सकाळची धरायची आहे. डबे आणू नयेत. शेजारी मात्र अवश्य आणावेत.