आधी नोंद, मग कोड



या व्यासपीठावरून मी आज एकच विषय घेणार आहे. डेबियनसारखी मुक्त डेस्कटॉप कार्यप्रणाली आपण वापरतो. तिच्या घडणीत नव्या माणसाने हात कुठून घालावा, हा तो विषय. हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा ठरलेले उत्तर मिळते: आधी सी शीक, मग गिट शीक, मग कर्नल वाच. हे सगळे शिकण्यासारखे आहे, याबद्दल वाद नाही. पण सुरुवात तिथून होते, हे मला मान्य नाही. दोष नेमका पाहणे, तो पुन्हा घडवून दाखवणे आणि परक्या माणसालाही पडताळता येईल अशा शब्दांत त्याची नोंद करणे, हे मुक्त प्रकल्पातले पहिले खरे काम आहे. ज्याला हे जमले त्याला कोडची वाट सापडते. ज्याला हे जमले नाही, त्याचा कोड चांगला असला तरी तो कशासाठी लिहिला आहे हे कुणालाच कळत नाही.

डेबियनची रचना पाहिली की याचे कारण उमगते. इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. जून २०२३मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. एवढा पसारा कोणा एकाच्या डोक्यात मावणे शक्य नाही. प्रत्येक पॅकेजला सांभाळणारा कुणीतरी मेंटेनर असतो, आणि त्याच्या मागे मूळ प्रोग्राम लिहिणारे लोक असतात, ज्यांना या वर्तुळात अपस्ट्रीम म्हणतात. पडद्यावर काही बिघडले, तर तो बिघाड डेबियनच्या बांधणीतला, मूळ प्रोग्रामातला, की दोघांच्याही खालच्या एखाद्या लायब्ररीतला, हे ठरवण्यातच अर्धे काम जाते. ते काम जो करून देतो तो मेंटेनरचा दिवस वाचवतो. स्वतः डेबियननेही ही गोष्ट मान्य केली आहे. पॅकेज न बांधता भाषांतर, दस्तऐवज किंवा अन्य कामे करणाऱ्यांना पूर्ण सदस्यत्व देण्याचा ठराव प्रकल्पाने २०१०मध्ये मतदानाने संमत केला. लिनक्स कर्नलमध्येही बदलाच्या नोंदीखाली ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ अशा ओळी लिहिण्याचा प्रघात आहे. दोष दाखवणाऱ्याचे आणि दुरुस्ती तपासणाऱ्याचे नाव कोड लिहिणाऱ्याच्या नावासोबत कायमचे राहते.

याहून मोठा पुरावा २९ मार्च २०२४चा आहे. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर ते वेगाची मोजमापे घेत होते. एसएसएचने लॉगिन करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसरवरही विनाकारण भार पडतो, हे त्यांच्या लक्षात आले. अर्धा सेकंद कुणीही सोडून दिला असता. त्यांनी त्याचा माग काढला, आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघड झाला. त्या दिवशी जगभरातल्या यंत्रणा वाचल्या त्या निरीक्षणामुळे, मोजमापामुळे आणि काय दिसले ते शांतपणे मांडणाऱ्या एका पत्रामुळे. नवा कोड त्यात नव्हता.

आता आपल्या घरची गोष्ट. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द घ्या. पहिला गुरूंना उद्देशून, दुसरा स्वयंपाक्याला. फरक फक्त रफाराचा आणि अर्ध्या ऱ्याचा. युनिकोडमध्ये हा अर्धा ऱ्या लिहिण्याच्या दोन रीती मान्य आहेत. एकीत ०९३१ या क्रमांकाचे ऱ हे अक्षर, पुढे हलन्त आणि य. दुसरी जुन्या मजकुरासाठी राखलेली: साधा र, हलन्त, त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. म्हणून एका रीतीने लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या रीतीने टाइप करून शोधला, आणि शोधणाऱ्या प्रोग्रामने खास सोय केलेली नसली, तर तो सापडत नाही. इथे चूक कुणाची? फॉन्टची नाही, कारण आकार बरोबर आहे. अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझचीही नाही. दोष शोधण्याच्या पद्धतीत आहे, किंवा दोन रीतींनी टाइप होऊ देणाऱ्या कळपाटांत आहे. पण तोच शब्द कुठे रफारासह उमटला, तर संशय फॉन्टवर किंवा जुळणीवर घ्यावा लागतो. ळचेही तसेच. युनिकोडमध्ये ल ०९३२वर, ळ ०९३३वर आणि ह ०९३९वर आहे. आपल्या वर्णमालेत मात्र ळ हच्या नंतर येतो. केवळ क्रमांकांवरून लावलेली यादी मराठी माणसाला चुकीची वाटते, आणि ती का चुकली हे इंग्रजी किंवा जर्मन विकासकाला आपण सांगितल्याशिवाय कळायचे नाही. आपल्याकडे ही नजर आधीपासून आहे. ती शिकायला वेगळा वर्ग लावावा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो फुकटच्या श्रमांचा. मोठ्या कंपन्या याच सॉफ्टवेअरवर नफा कमावतात, मग आम्ही संध्याकाळी घरी बसून त्यांचे काम का करायचे? हा आक्षेप हलक्याने उडवून लावण्यासारखा नाही. साऱ्या जगाचा भार वाहणारी एक्सझेड लायब्ररी एका थकलेल्या मेंटेनरच्या खांद्यावर उभी होती. मदतनीस म्हणून शिरलेल्याने दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा विश्वास कमावला आणि मग घात केला. जे कमावतात त्यांनी अशा कामाचे पैसे द्यायलाच हवेत. पण पैसे येईपर्यंत आपल्या भाषेची दुरुस्ती थांबवायची का? अर्धा ऱ्या बिघडल्याने कुणाचा नफा बुडत नाही. बुडतो तो आपला शोध, आपली यादी, आपला मजकूर. दुसरा आक्षेप डेस्कटॉप लिनक्स वापरतेच कोण असा. त्याला उत्तर थोडक्यात देता येते. हार्फबझ फक्त नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या पडद्यामागे नाही. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांतही तेच आहे. डेस्कटॉपवर दिसलेला जुळणीचा दोष हार्फबझमध्ये दुरुस्त झाला की ती दुरुस्ती खेड्यातल्या फोनपर्यंत जाते.

तिसरा आक्षेप आजचा आहे: कोड आता यंत्रच लिहिते, मग नवशिक्याचे काय काम उरले? मला नेमके उलट दिसते. यंत्राने रचलेल्या, वाचायला सफाईदार पण तपासल्यावर पोकळ निघणाऱ्या अहवालांनी मेंटेनर हैराण झाले आहेत. कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी याबद्दल उघड तक्रार केली आहे. कोड स्वस्त झाला तसा, आपल्या यंत्रावर स्वतः पाहिलेला आणि पुन्हा घडवता येणारा पुरावा महाग झाला. इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. तरी दोषाच्या नोंदीला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. तीन साधी वाक्ये, आवृत्तीचा क्रमांक, पडद्याचे चित्र. अक्षरांचे क्रमांक दिले की भाषेची अडचण बरीच कमी होते.

सुरुवात करणाऱ्याने रोज वापरतो असा एकच प्रोग्राम निवडावा, आणि कामाच्या यंत्रावर नव्हे तर दुसऱ्या यंत्रावर किंवा आभासी यंत्रात डेबियनची चाचणी-आवृत्ती घ्यावी. दोष दिसला की आधीच्या नोंदी वाचाव्यात. डेबियनचे रिपोर्टबग हे साधन त्या समोर ठेवते आणि पॅकेजची आवृत्तीही आपणहून जोडते. जुनी नोंद सापडली तर तीत नवा पुरावा घालणे हे नवी नोंद उघडण्यापेक्षा अधिक मोलाचे. त्यानंतर भाषांतराकडे वळावे, कारण तिथे सोर्सची पहिली गाठ पडते. ‘१ फाइल निवडली’ आणि ‘५ फाइली निवडल्या’ यांत मराठीत नाम बदलते तसे क्रियापदही बदलते. प्रोग्रामरने वाक्याचे तुकडे जोडून संदेश केला असेल, तर कितीही चांगला अनुवादक तो बरोबर करू शकत नाही. मग कोडच बदलावा लागतो: पूर्ण वाक्य एकसंध ठेवणारा, चार-पाच ओळींचा बदल. नवशिक्याने पहिला कोड लिहावा तो असा, स्वतः शोधलेल्या आणि स्वतःला समजलेल्या दोषासाठी. तपासणारा तो परत पाठवेल, दोनदा, तीनदा. उत्तराला महिनाही लागेल. एक्सझेडनंतर अनोळखी हातांचा बदल डोळ्यांत तेल घालून वाचणे हे त्याचे कर्तव्यच आहे, त्यात अपमान मानू नये.

शेवटी या परिषदेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. आपण मराठीच्या चाचणी-मजकुराची एक फाइल तयार करावी. दरेक ओळीत एक शब्द किंवा छोटी यादी, तिच्यातल्या अक्षरांचे क्रमांक, आणि बरोबर परिणाम कोणता याची एका वाक्यात नोंद. ती मुक्त परवान्याखाली असावी, म्हणजे कोणत्याही प्रकल्पाला ती वेगळी परवानगी न मागता घेता येईल. हार्फबझसारखे प्रकल्प असे नमुने चाचण्यांत ठेवतात आणि नवा बदल आला की पुन्हा तपासतात. एकदा तिथे गेलेला शब्द पुढच्या दुरुस्तीत नकळत मोडत नाही. पहिल्या ओळीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ असावेत. दुसरीत दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘दुसऱ्या’. तिसरीत ल, ह आणि ळ यांनी सुरू होणारी यादी, आपल्या वर्णमालेच्या क्रमाने. चौथी ओळ कोणती, हे आज दुपारच्या सत्रात तुम्ही सांगायचे आहे.