घशात अडकलेला गोळा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला जेवणाआधीची दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही घशाचा आहे, त्यामुळे लांबण लावत नाही. आपल्यापैकी काही जणांनी गेल्या वर्षभरात मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला : "घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. कॅन्सर तर नसेल ना?" प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, म्हणून उत्तर आज मोठ्याने देतो.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करू. पहिली, घशात गोळा असल्याची भावना. दुसरी, घास गिळायला होणारा त्रास. दोन्ही घशाच्याच, पण त्यांचा अर्थ फार वेगळा.

पहिल्या तक्रारीत गोळा जाणवतो तो जेवणाच्या मधल्या वेळात, थुंकी गिळताना. जेवायला बसलं की तो कमी होतो किंवा नाहीसाच होतो. दुखत नाही, वजन घटत नाही. डॉक्टर याला 'ग्लोबस' म्हणतात. लॅटिनमध्ये ग्लोबस म्हणजे गोळा. पूर्वी याला 'ग्लोबस हिस्टेरिकस' म्हणत, म्हणजे बाईच्या मनाचे खेळ. बहुतेक रुग्णांना हिस्टेरिया वगैरे काही नसतो हे लक्षात आल्यावर १९६८ मध्ये माल्कमसन यांनी 'ग्लोबस फॅरिंजिअस', म्हणजे घशातला गोळा, हे नाव सुचवलं. तेव्हा घरातल्या कुणी ही तक्रार केली तर "तुझ्या मनाचं आहे" असं म्हणून उडवून लावू नका.

कारणं काय? जठरातलं आम्ल वर घशापर्यंत येणं हे एक. यात छातीत जळजळ होतेच असं नाही. कधी सकाळी आवाज बसलेला असतो, कधी नुसती खाकरण्याची सवय लागते. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, तो ताठरला तरी गोळा जाणवतो. थायरॉईडची गाठ, नाकातून घशात उतरणारा शेंबूड, जुनाट टॉन्सिल हीही कारणं असतात. आणि ताण. कंठ दाटून येणं, आवंढा गिळणं हे शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेले नाहीत. दुःखात घसा आवळतो हे खरंच आहे. फक्त ताण हे कारण तपासणीनंतर ठरवायचं, आधी नाही.

गोळा घालवायला माणूस सारखा खाकरतो आणि कोरडी थुंकी गिळतो. त्याने घसा आणखी चुरचुरतो आणि गोळा आणखी जाणवतो. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्या. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरका. पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून थोडी उंच करा. पित्ताच्या गोळ्या मात्र दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. खरा आजार त्याखाली झाकला जाऊ शकतो.

आता दुसरी तक्रार. घास खरोखर अडकत असेल तर तो कधीही 'वयोमानानुसार' नसतो. आधी भाकरी-पोळी अडकते, मग मऊ भात, मग पेज, असं वाढत गेलं तर अन्ननलिका अरुंद होत चालली आहे असं समजा. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडकत असेल तर अन्ननलिकेच्या हालचालीत दोष असू शकतो. पाणी पिताना ठसका लागतो, पाणी नाकातून येतं, असं असेल तर पक्षाघात, पार्किन्सन यांसारखे मज्जासंस्थेचे आजार पाहावे लागतात. बराच काळ लोह कमी असलेल्या बायकांमध्ये अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा तयार होतो आणि घास तिथे थांबतो. त्यावर वेळीच उपचार होतात. दुर्लक्ष केलं तर तिथे कॅन्सरचा धोका वाढतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती माणसं नकळत जुळवून घेतात याची. भाकरी आमटीत कुस्करायची, प्रत्येक घासामागे पाणी प्यायचं, मटण सोडून द्यायचं. घरातली बाई सगळ्यांच्या मागून जेवते, म्हणून तिचा बदललेला घास कुणाला दिसतच नाही. सांगायची वेळ येते तेव्हा वाट बरीच बंद झालेली असते. म्हणून आज घरी गेल्यावर आई, सासू, बायको यांच्या ताटाकडे एकदा नीट बघा.

न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं ते केव्हा? घास अडकतो, गिळताना दुखतं, वजन घटतंय, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलाय, मानेत गाठ आहे, थुंकीत रक्त आहे, एकाच बाजूला दुखून कळ कानात जाते. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी किंवा दारू असेल तर अधिकच लवकर. थुंकीही गिळता येत नसेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. माशाचा काटा अडकला तर भाताचे गोळे किंवा केळं गिळून तो ढकलू नका, आणखी खोल रुततो.

तपासणीला घाबरू नका. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहायला काही मिनिटं लागतात. गरज पडली तर बेरियमचा एक्स-रे किंवा अन्ननलिकेची एंडोस्कोपी करतात. बहुतेक वेळा निरुपद्रवी कारण निघतं आणि ते कळल्यावर निम्मा गोळा तिथेच विरघळतो. जेव्हा गंभीर कारण निघतं, तेव्हा ते लवकर निघालेलं बरं.

आणखी एक, आपल्या सगळ्यांच्या वयाला लागू. गोळ्या-कॅप्सूल आडवं पडून, घोटभर पाण्यावर घेऊ नका. काही प्रतिजैविकं आणि हाडांसाठीच्या काही गोळ्या अन्ननलिकेत चिकटून जखम करतात. बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका.

शाळेत आपण शंका विचारायला हात वर करत नव्हतो. आता करा. जेवणानंतर मी मागच्या बाकावर बसलेला असेन.