तुळईला तडा? आधी टेकू, मग दोर



शहापूर-मुरबाडकडं मिरगाआधी आपण कौलं चाळतो. तेव्हा तुळईही खालून नीट बघा. पेंढ्यानं भरलेल्या माळ्याचा भार तिच्यावरच असतो.

तडा लांबीच्या दिशेनं गेला असेल, तर दोर उपयोगी पडतो. माळा रिकामा करा, टेकू द्या. अंबाडीच्या वाखाचा किंवा घायपाताचा कोरडा दोर वेढ्याला वेढा लावून गुंडाळा, दांडक्यानं पीळ देऊन आवळा. हा दोर पावसाळी ओलीनं आखडतो, उन्हाळ्यात सैल पडतो. म्हणून दर वर्षी तपासा.

पण ध्यानात ठेवा, दोर तडा फाकू देत नाही; भार मात्र पेलत नाही. भारानं तुळईचं खालचं अंग ताणलं जातं. प्रयोगशाळेत तिथं ताग-जवसाचे धागे लांबीनं ठेवून राळेनं पक्के चिकटवतात, तेव्हा ताकद वाढते. नुसत्या बांधणीनं ती वाढत नाही.

म्हणून खालच्या अंगाला आडवा तडा दिसला, तुळई वाकली किंवा वाळवीनं पोखरून सळई सहज आत शिरली, तर दोरावर विसंबू नका. टेकू ठेवून सुताराकडून तुळई बदलून घ्या. तोवर तिच्याखाली कुणी झोपू नये, गुरंही बांधू नयेत.