शेवटच्या सोळा पायऱ्या



ज्या शाळेत सरांपुढे विद्यार्थी म्हणून उभा राहिलो, तिथेच त्यांच्या स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहताना मन भरून येते. त्यांचे गुणवर्णन करण्यापेक्षा त्यांनी मला दिलेली एक संख्या आपल्यापुढे ठेवतो : ४२९४९६७२९७.

२ च्या बत्तिसाव्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फेर्मा याने १, २, ४, ८, १६ असे दुपटीचे घातांक घेऊन ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मिळवल्या. पाचही मूळ संख्या! पुढच्याही तशाच असणार, असे त्याने मानले. आपली संख्या या मालिकेतील सहावी.

दहावीच्या सुटीत मी तिला ओळीने शंभर मूळ संख्यांनी भागून पाहिले. शंभरावी मूळ संख्या ५४१. एकदाही निःशेष भाग गेला नाही. वही पुढे करून मी म्हणालो, "सर, ही मूळ संख्याच आहे."

सर म्हणाले, "तू दमलास, एवढेच सिद्ध झाले." आणि त्यांनी फळ्यावर ६४१ लिहिले. ती एकशे सोळावी मूळ संख्या. मी सोळा पायऱ्या आधी थांबलो होतो.

१७३२ मध्ये ऑयलरने हाच विभाजक शोधला. या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, हे सूत्र हाती असले की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशी पाचव्याच प्रयत्नात वाट सापडते. भागाकार येतो ६७००४१७.

सरांनी तर भागाकारही केला नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ अधिक १. तसेच ६२५ अधिक १६. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी उणे १ मानता येते आणि त्याच्या चौथ्या घाताची बाकी १ येते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. यात ६२५ च्या जागी उणे १६ घातले की उणे २ चा बत्तिसावा घात उरतो आणि त्याचीही बाकी १ येते. म्हणजेच २ च्या बत्तिसाव्या घातात १ मिळवल्यास बाकी शून्य!

या संख्येपासून पुढच्या सलग अठ्ठावीस फेर्मा-संख्या आजवर संयुक्त ठरल्या आहेत. तरीही त्यापुढे एकही मूळ नाही, असे कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. पाच यशांनी फेर्मा फसला. अठ्ठावीस अपयशांनी आपण फसू नये.

पुढे मीही शिक्षक झालो. ती वही अजून जपली आहे. ५४१ खालची जागा कोरी आहे. विद्यार्थी उत्तर घेऊन आला की मी विचारतो, "सिद्ध झाले, की दमलास?" हा प्रश्न माझा नाही, तो सरांचा आहे, आणि आज तो या शाळेला परत करतो.