रोजा नव्हता लागत, खर्रा लागत होता



बोलायला लागण्याआधी एक काम करा. आपल्या हाताची मधली तीन बोटं जोडा, उभी धरा आणि समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. लाजू नका, सगळेच करत आहेत. ज्यांची तीन बोटं जातात त्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हणावं. ज्यांची जात नाहीत त्यांनी कोणाला सांगू नका, पण माझं बोलणं शेवटपर्यंत ऐका.

माझी दोनच जातात. तिसरं अडकतं.

मी भंडाऱ्याचा. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. खर्रा शिकलो तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षेच्या रात्री. दोस्ताने पन्नी पुढे केली, म्हणाला, "घे ना बे, झोप येणार नाही." आठवून बघा, तुमच्यापैकी कोणी पहिला खर्रा स्वतःच्या पैशाने घेतला का? पहिला कोणीतरी देतो. पैसे आपण दुसऱ्यापासून मोजतो. मी नऊ वर्षं मोजले.

पानठेल्यावर जे घोटलं जातं त्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. तंबाखूत निकोटीन असतं, त्याची सवय लागते, आणि कर्करोग करणारी द्रव्यंही त्यातच असतात. चुन्यामुळे निकोटीन मोकळं होऊन गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून लवकर रक्तात जातं. आणि सुपारी गालाच्या आत तंतू वाढवते. गाल कडक होत जातो, तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. कडक झालेला गाल पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि काही जणांमध्ये पुढे त्याचा कर्करोग होतो.

काही जण म्हणतात, "भाई, मी तर फक्त सुपारी खातो." जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं की तंबाखू नसली तरी सुपारी स्वतः माणसाला कर्करोग करते.

मला पहिलं कळलं ते घरी. अम्मीच्या हातचं सालन तोंडाला आग लावायला लागलं. मी म्हटलं, मिरची जास्त झाली. अम्मीने मिरची कमी केली. मग गुपचुप तोंडात मावेना. तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तोवर दोन वर्षं गेली होती.

हे गरिबांचं किंवा अडाण्यांचं दुखणं नाही. शरद पवार साहेबांनी तोंडाच्या कर्करोगाशी झुंज दिली आणि आपल्या सवयीबद्दल जाहीरपणे बोलले. आर. आर. आबा २०१५ मध्ये याच रोगाने गेले. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ शंभरात चारच्या आसपास होते, तर तंबाखू तोंडात ठेवणारे जवळपास चोवीस. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी आपल्या चौकात काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता रमजानकडे येतो. मी रोजे सोडले नाहीत. पण दुपारी डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, भावावर ओरडायचो. वाटायचं, रोजा लागतोय. रोजा नव्हता लागत, खर्रा लागत होता. मगरिबची नमाज झाली की मशिदीतून सरळ पानठेल्यावर. तिथे माझ्यासारखेच उभे असायचे.

एका रमजानमध्ये मनात आलं, तेरा-साडेतेरा तास मी रोज राहतोच आहे. म्हणजे "मला जमत नाही" हे खोटं आहे. जमत नाही ते फक्त मगरिबनंतरचं. म्हणून लढाई तेवढ्याच वेळेची ठेवली. नमाजनंतर दुसऱ्या दरवाजाने निघायचो. खिशात सौंफ ठेवायचो. तलफ आली की पाणी प्यायचो आणि पाच-दहा मिनिटं काढायचो. तलफ तेवढ्यात उतरते. पहिले तीन-चार दिवस वाईट गेले. ईदपर्यंत डोकं दुखणं थांबलं होतं. खरी परीक्षा ईदच्या दिवशी झाली, कारण गळाभेट झाल्यावर प्रत्येक दोस्ताच्या हातात पन्नी होती.

म्हणून तुमच्याकडे चार गोष्टी मागतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, तिखट सोसत नसेल किंवा तीन बोटं जात नसतील, तर याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरला दाखवा. सोडायचं असेल तर १८०० ११ २३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत. घरात अम्मी, खाला, भाभी गुडाखू घासत असतील तर त्यांच्याशी अदबीने बोला. पोटात बाळ असेल तर ते कमी वजनाचं किंवा दिवसांआधी जन्मण्याचा धोका वाढतो.

चौथी गोष्ट जे खर्रा सोडू शकत नाहीत त्यांच्यासाठीही आहे. आजपासून कोणाला देऊ नका. लहान भावाला पानठेल्यावर आणायला पाठवू नका. ज्याने मला पहिला खर्रा दिला तो वाईट माणूस नव्हता, दोस्तच होता. आजही आहे. त्याचं तर आता एकच बोट जातं.

खुदा हाफिज.