हाडाची पावडर आणि आपलं सोयाबीन

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



मागच्या महिन्यात एका गटात अंतर्गत कर्जाची मागणी आली. कारण विचारलं तर मावशी म्हणाल्या, "हाडाच्या पावडरीचा कोर्स घ्यायचाय, 2,400 रुपये." त्यांना विचारूनच सांगतेय. गेल्या वर्षी त्या अंगणात नुसत्या घसरल्या, तर मनगट मोडलं. तेव्हा मी गप्प बसले, कारण मलाच नीट सांगता येत नव्हतं. म्हणून आज वाचून आलेय.

बाईची हाडं शरीरातलं इस्ट्रोजेन सांभाळतं. पाळी गेली की ते घटतं आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्यानं झिजतात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर ही झीज ऐन तिशी-चाळिशीतच सुरू होते. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या ऑपरेशनांचं आपण ऐकलंच आहे. तुमचा ऑपरेशनचा कागद घरात आहे का, ते बघा.

आता वनस्पतींचं. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात. ती इस्ट्रोजेनसारखं काम करतात, पण खूप हलकं. काही अभ्यासांत झीज थोडी मंदावली, काहींत फरकच पडला नाही. म्हणजे आहारात चांगलं, पण औषधाच्या जागी नाही. गंमत बघा, आपण सोयाबीन विकतो नि तेल विकत आणतो, आणि ही द्रव्यं तेलात जवळजवळ येतच नाहीत! दाण्यात नि पिठात राहतात. पण कच्चं दळू नका, उकडून वाळवून दळा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि सोयाबीनमध्ये काही तासांचं अंतर ठेवा.

मावशींच्या डब्यावर हाडजोडीचं, म्हणजे कांडवेलीचं चित्र होतं. मोडलेल्या हाडावर ती पूर्वीपासून वापरतात. पण माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत, झीज थांबते असं त्यातून ठरलेलं नाही. आणि परसातली वेल कच्ची चावू नका, घसा जाम खाजतो.

पाळी गेलेल्या बाईला रोज 1,200 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 असतं, न सोललेल्या तिळात त्याच्या दुपटीहून जास्त. 2,400 रुपयांत किती नाचणी येईल, हिशेब तुम्हीच करा.

मावशींचा अर्ज अजून ठरावात आलेला नाही. माझं मत विचाराल तर कर्ज द्यावं, पण पावडरीला नाही. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी असते, तिला आणि जिल्ह्याला जायच्या भाड्याला द्यावं. मंगळवारी मी त्यांच्यासोबत जाणार आहे. आणखी कुणाचं साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल तर सभा झाल्यावर मला भेटा, गाडीत दोन जागा आहेत.